मासोळीवरून ठरलेला जावई

आमचा जिल्हा एकच होता तेव्हापासून, आणि त्याचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन तुकडे झाले त्यानंतरही, माझ्या आतेभावाइतकं बरोबर बोलून इतकी माणसं दुखावणारा दुसरा माणूस या जंगलात जन्माला आलेला नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. वाघाला लोक अंधार पडल्यावर भितात, माझ्या आतेभावाला दिवसाढवळ्या भीत. तो रस्त्याने येताना दिसला की पानठेल्यावरच्या गप्पा थांबायच्या आणि माणसं एकदम पानाच्या शिरा निरखून पाहू लागायची. कारण कोणीही बोलताना 'म्हणून' हा शब्द वापरला की त्याचं उजव्या हाताचं बोट वर जायचं, आणि ते बोट वर गेलं की बोलणाऱ्याचं त्या दिवसाचं सुख संपायचं.

तो चिमूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवायचा. आम्ही घरचे त्याला भाऊ म्हणायचो आणि बाहेरचे सर म्हणायचे. पुस्तकातली तर्कदोषांची नावं पोरांच्या जिभेवर बसत नाहीत म्हणून त्याने स्वतःची नावं पाडली होती. कोंबडा आरवला, मग सूर्य उगवला, म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला, हा कोंबड्याचा दोष. एक वांगं किडकं निघालं म्हणून टोपलीच फेकायची, हा वांग्याचा दोष. सगळे करतात म्हणून आपणही करायचं, हा मुंग्यांचा. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, अंगण ओलं आहे, म्हणून पाऊस पडला, हा ओल्या अंगणाचा दोष. कारण सडाही कोणी टाकला असेल! पोरांना ही नावं इतकी पाठ झाली की बोर्डाच्या परीक्षेतही त्यांनी तीच लिहिली. पेपर तपासणाऱ्याने काय केलं असेल ते तोच जाणे. भाऊ मात्र म्हणाला, "नाव कळलं नाही म्हणून उत्तर चूक धरलं असेल, तर दोष पोरांचा नाही." एरवी तो आमच्यासारखीच झाडीपट्टीची बोली बोलायचा, पण दोष दाखवायची वेळ आली की त्याची भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी शुद्ध व्हायची. तेवढ्यावरून समोरचा ओळखायचा की आता आपली पाळी.

त्याच्या बोटाखालून मीही सुटलो नाही. माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. मला पाढ्यांच्या आधी घोषणा येत होत्या. आमच्या मंडळाने हुंड्याविरुद्ध मोर्चा काढायचा ठरवला तेव्हा पत्रक मीच लिहिलं आणि त्यात एक जळजळीत ओळ घातली: 'जो या मोर्चात येणार नाही, तो हुंडेखोरांचा दलाल समजावा.' शाई वाळायच्या आत भाऊचं बोट वर गेलं. "दोनच वाटांचा दोष. तुझी आई मोर्चात येणार नाही. तिचे गुडघे दुखतात. ती दलाल आहे का?" मी संतापलो, पाय आपटले, क्रांतीला व्याकरण नसतं वगैरे पुष्कळ बोललो. मग ओळ बदलली. बदललेली ओळ बरोबर होती आणि कोणाच्याही लक्षात राहिली नाही. पण आईने ती वाचून मला दुधातला चहा दिला, हेही खरं.

असा माणूस लग्नाचा कसा होणार? माझी आत्या, म्हणजे भाऊची आई, रोज देवघराच्या जागी लावलेल्या बुद्धाच्या तसबिरीपुढे उभी राहून म्हणायची, "याले एक बायको दे अन् तिले कान देऊ नको." मुली पाहायला नेला तर तिथेही तेच. राजुऱ्याकडे एका घरी मुलीचे वडील म्हणाले, "आमची पोरगी गुणी, कारण घर खानदानी." भाऊने विचारलं, घर खानदानी कशावरून? "वा! पोरी पाहा ना आमच्या घरच्या, किती गुणी!" भाऊने बशीत सांडलेल्या चहात बोटाने एक गोल काढला, म्हणाला, "ही गोल विहीर आहे, यात पाणी नाही," आणि पोहे संपवले. दुसऱ्या एका ठिकाणी मध्यस्थाने त्याच्याच बाजूने बोलणी चालवली. "सगळेच हुंडा घेतात सर, तुम्हीच काऊन लाजून राह्यले?" तिथे तो पोहे न संपवता उठला. रस्त्यावर येऊन मला म्हणाला, "मुंग्या." त्या एका शब्दात माझ्या अख्ख्या पत्रकापेक्षा जास्त राग होता. त्या दिवसापासून तो माझा नेता झाला, हे मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण त्याने लगेच पुरावा मागितला असता.

आणि असा हा माणूस प्रेमात पडला तो एसटीच्या मागे उभा राहून.

आम्ही दोघं नागभीडहून चिमूरला येत होतो. जंगलाच्या मधोमध गाडी बंद पडली. आता गाडी सुटताना एका म्हातारीने कंडक्टरला विचारलं होतं, "कुठी चालली गा गाडी?" निघताना 'कुठे' विचारू नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. झालं, सगळी गाडी म्हातारीवर तुटून पडली. "बुढीनंच टोकलं! म्हून बंद पडली!" म्हातारी बिचारी पिशवी छातीशी धरून रडकुंडीला आली. भाऊ फुटबोर्डवर चढला आणि त्याने कोंबड्याचा दोष समजावून सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा पूर्वीच्या घटना, मग नंतरच्या घटना, मग दोन्हींमधला संबंध, मग संबंध नसतानाचा भास. लोक ऐकून घेत होते, कारण पळून जायला बाजूला जंगलच होतं.

तेवढ्यात खिडकीशी बसलेली पांढऱ्या साडीतली एक मुलगी उठली. मांडीवरची लशीची पेटी तिने म्हातारीच्या मांडीवर ठेवली, म्हणजे म्हातारीला रडायलाही हात मोकळा राहिला नाही, आणि ती म्हणाली, "सर, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. आता खाली उतरा अन् गाडी ढकला."

भाऊ उतरला. ढकलता ढकलता त्याने माझ्याकडे पाहिलं. घामाने त्याचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. "ती म्हणाली, माझं बरोबर आहे," तो म्हणाला. गाडी सुरू झाली तरी तो थोडा वेळ तिच्यामागे हात पुढे करून तसाच चालत राहिला.

ती मुलगी जवळच्याच गावात नर्स होती. सायकलवर लशीची पेटी बांधून पाड्यापाड्याने फिरायची. गाव तिला सिस्टर म्हणायचं, मीही तेच म्हणतो. ती नागभीडकडच्या एका मोठ्या तलावाच्या काठच्या गावातली, मासेमारी करणाऱ्या ढीवरांची मुलगी, घरात तिच्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. भाऊ आठवड्याच्या बाजाराला तिच्या उपकेंद्राच्या ओसरीवर जाऊन बसायला लागला. पहिल्यांदा म्हणाला, डोकं दुखतं. तिने गोळी दिली. असं बरेच दिवस चाललं, आणि एका बाजाराच्या दिवशी, मी शेजारी बसलेलो असताना, त्याने मनातलं सांगितलं. ते कसं सांगितलं ते मी शब्दशः लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला असं सुचणार नाही.

"सिस्टर, तुमच्याकडे आलो की माझं डोकं दुखायचं थांबतं. पण ते तुमच्यामुळेच थांबतं, हे यावरून सिद्ध होत नाही. म्हणून मागच्या बाजाराला मी मुद्दाम आलो नाही."

"मंग?"

"डोकं दुखलं."

"मंग झालं ना सिद्ध!"

"नाही. त्या दिवशी मी पेपरही तपासत होतो. पेपरमुळेही दुखलं असेल. तेव्हा आणखी एकदा न येऊन पाहावं लागेल."

सिस्टरने सुयांचं भांडं स्टोव्हवरून उतरवलं. "तुमी तपासत राहा सर. तवरक मी दुसऱ्याच्या घरी भात रांधून राहीन. या मंडईले बाबा माह्यं लग्न ठरवून राह्यले."

भाऊचा चेहरा पांढरा पडला. दिवाळीनंतर आमच्या झाडीत गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांना आवतणं जातात, पाळणे लागतात, नाटकं होतात, आणि घरोघरी सोयरिकी जुळतात. मंडईच्या दिवशी ठरलेलं लग्न गावासमोर ठरलेलं असतं, ते मोडत नाही. तिच्यासाठी ब्रह्मपुरीकडचा एक मुलगा बोलावलेला होता. मंडई होती पुढच्या सोमवारी.

"तुम्हाला तो मुलगा पसंत आहे?" भाऊने विचारलं.

"मी त्याले पाह्यलं नाई. तुमाले पाह्यलं हाय." मग हळू म्हणाली, "बाबांले तुमी येऊन इचारा. पन एक सांगतो. माह्या बाबांले भांडाचा नाद हाय. अख्ख्या तलावावर त्यायले बोलण्यात कोनी हरवलं नाई. हारले तं ताप येते त्यायले. म्हून तिथी दोषाचं नाव काढाचं नाई. कोंबडा नाई, वांगं नाई, काईच नाई. बोट खाली ठेवान?"

भाऊने मान हलवली. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पुरावा न मागता काहीतरी कबूल करताना पाहिलं.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. भाऊने नवा पांढरा शर्ट घातला होता. ब्रह्मपुरीचा मुलगा दुपारच्या गाडीने येणार होता, आम्ही सकाळच्या गाडीने पोचलो. सिस्टरने दारातच ओळख करून दिली, "बाबा, हे कॉलेजचे सर." तिचे वडील मासेमार सोसायटीचे अध्यक्ष होते, भरदार मिशांचे, डोळे तलावाच्या पाण्यावर रोखून रोखून बारीक झालेले. त्यांनी भाऊचा नवा शर्ट पाहिला, मग मुलीकडे पाहिलं, मग पाटावर बसायची खूण केली. अंगणात तिचे काका आणि जातीतली चारदोन वडीलधारी मंडळी बसली होती. कुजबुज सुरू झाली. "पोरगी पाहाले आला वाटते." कोणीतरी आडनाव विचारलं. भाऊचं आडनाव असं आहे की या भागात तीन समाजांत सापडतं. विचारणाऱ्याला त्यातून काही कळलं नाही, पण कळल्यासारखं त्याने डोकं हलवलं.

मग जेवणं वाढली. भात आणि तलावातल्या बारीक मासोळीचा रस्सा. ही मासोळी म्हणजे शिक्षाच असते. अंगभर केसासारखे काटे. मी पहिल्याच घासाला खोकलो. भाऊने मात्र एक मासोळी तोंडात घातली, गाल जरा हलवले, आणि ओठांच्या कोपऱ्यातून काट्यांची अख्खी फणी सरळ बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. ताटाच्या कडेला काटे रांगेत लागले. काका उठून जवळ आले, वाकून काटे पाहिले, आणि सगळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "इचारा-बिचाराचं कामच नाई! काटे पाहा ना! हे आपल्याशिवाय कोनाले जमते? पोरगा आपल्यातलाच हाय!"

"आपलाच हाय, आपलाच हाय," सगळे म्हणाले. वडिलांच्या मिशा पहिल्यांदाच रुंदावल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने भाऊच्या ताटात आणखी दोन मासोळ्या टाकल्या. "खा बाबू. ब्रह्मपुरीच्याले सांगून देतो, यायचं काम नाई. पोह्याएवढे मोठे काटेही त्याले निवडता येत नाई म्हन्ते."

सगळं जमलं होतं. भाऊने फक्त गप्प राहायचं होतं. दुसऱ्याच्या जातीचं नाव लावून तोंड भरायचं? मी उठणारच होतो, पण भाऊ माझ्याआधी उठला. त्याने तांब्याने हात धुतला. चष्मा वर केला. आणि त्याची भाषा शुद्ध झाली. स्वयंपाकघराच्या दारात सिस्टरने डोळे मिटून घेतले.

"मामा, तुमची माणसं मासोळी अशी खातात, हे खरं. मी अशी खातो, हेही खरं. पण त्यावरून मी तुमच्यातला ठरत नाही. मांजरही अशीच खाते. मी बौद्ध आहे. मासोळी खायला मला माझ्या आईने शिकवलं, ती वैनगंगेच्या काठची. आणखी एक. मी पोरगी पाहायला आलो, असं इथं सगळे म्हणतात. तेही बरोबर नाही. पाहून तर केव्हाच झाली. मी मागायला आलो."

मग जो गलका झाला तो मंडईतल्या पाळण्यांपर्यंत गेला असेल. काका ओरडले, "आपल्या गावात असं कोनीच केलं नाई, म्हून होनार नाई!" दुसरे म्हणाले, "हिनं केलं तं उद्या साऱ्या गावच्या पोरी करतीन, परवा तलाव आटन!" तिसरे म्हणाले, "शिकलेल्याचं ऐकाचंच कशाले, त्याले जाळं तरी फेकता येते का?" प्रत्येक वाक्याला भाऊचं बोट उचलत होतं. शेवटी तो खाली बसला, उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि घाम पुसायलाही तो बाहेर काढला नाही. दिलेला शब्द पाळण्यासाठी माणसं तुरुंगात जातात, हे मी पुष्कळ पत्रकांत वाचलं होतं. स्वतःच्याच हातावर बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

गलका ओसरल्यावर वडिलांनी विचारलं, "गप्प राह्यला असता तं काय झालं असतं?"

"मुलगी मिळाली असती," भाऊ म्हणाला.

"मंग काऊन नाई राह्यला?"

"उद्या तुम्हाला कळलंच असतं. मग मी तर खोटा पडलो असतोच, पण तुमच्यापुढे तीही खोटी पडली असती. ते मला चाललं नसतं."

काका पुन्हा पुढे सरसावले. "आता बोलाचं काई उरलंच नाई! पोरगा आपला नाई, म्हंजे पोरगा कामाचा नाई!"

आणि स्वयंपाकघराच्या दारातून सिस्टर अंगणात आली. हातात भाताची परात तशीच होती. "काकाजी, तुमी मासोळी पाहून म्हणले पोरगा चांगला हाय. कारन चुकलं, कबूल. पन कारन चुकलं म्हून पोरगा बिघडला का? तो तोच बसून हाय ना तिथी! चुकीच्या रस्त्यानं गेलं तरी मानूस कदी कदी बरोबर घरी पोचते."

भाऊ ताडकन उभा राहिला. मांडीखालचा हात मोकळा झाला. "ह्या दोषाला तर मी नावच दिलेलं नाही!" तो जवळजवळ ओरडला. "इतकी वर्षं लोकांची कारणं खोडली, की त्यांचं म्हणणंही खोटं समजत आलो मी! सिस्टर, हा माझाच दोष आहे!" त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्याला हरल्याचं कळलंय की नाही, अशी मला शंका आली.

वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "जो मानूस आपल्या फायद्याचं खोटं गिळत नाई," ते सावकाश म्हणाले, "तो माह्या पोरीले कदी रडू देनार नाई. म्हून पोरगी मी यालेच देतो."

म्हणून! मी भाऊकडे पाहिलं. सिस्टरने पाहिलं. खरं बोलणारा नवरा बायकोला रडवत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे? उलट अशांनीच जास्त रडवलं असेल. भाऊचं बोट निघालं. छातीपर्यंत आलं, हनुवटीपर्यंत आलं, आणि तिथे दुसऱ्या हाताला जाऊन मिळालं. त्याने हात जोडले.

"निष्कर्ष मान्य आहे, मामा," तो म्हणाला.

काका म्हणाले, आम्ही लग्नाला येत नाही. वडील म्हणाले, "नको येऊ, भात कमी शिजवन." लग्न चिमूरच्या शाळेच्या पटांगणात झालं. हुंडा नाही, मानपान नाही, पंचशील म्हटलं आणि फुलांच्या माळा घातल्या. जातीतली निम्मी माणसं आली नाहीत, पण सोसायटीतली तरुण पोरं सायकलींवर आली. काकाही आले. बाजाराला जाता जाता सहज थांबल्यासारखे ते कुंपणाशी थैली घेऊन उभे होते. आत्याने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि जेवायला बसवलं. मी त्या दिवशी भाषण केलं, ते फार चांगलं झालं असं माझं मत आहे. मोर्चे मी पुष्कळ पाहिले, पण जातीची भिंत माझ्या डोळ्यांदेखत पडली ती त्या एका अंगणात.

लग्नानंतर सासरे दर बाजाराला चिमूरला येऊ लागले. निमित्त मासोळी विकायचं, खरं कारण भांडायचं. ओसरीवर बसून सासरा-जावई देव, पाऊस, सोसायटीची निवडणूक, कशावरही तासन्‌तास वाद घालत. सासरे हरले की ताप येण्याऐवजी त्यांना भूक लागायची. मग सिस्टर दोघांनाही ओरडून जेवायला बसवायची.

मागच्या उन्हाळ्यात सिस्टरची बदली एटापल्लीच्या पुढे, ऐन जंगलात झाली. भाऊने कॉलेज सोडून तिथल्या आश्रमशाळेत नोकरी धरली. एसटीच्या टपावर सामान चढलं. सासरे सुक्या मासोळीची पुरचुंडी घेऊन आले होते, ती त्यांनी खिडकीतून आत दिली. गाडी निघताना भाऊ काहीतरी मोठ्याने सांगत होता, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. मुलीने हात हलवला. गाडी वळणावर गेली आणि रस्त्यावर नुसती धूळ उरली.

मला वाटलं, म्हातारा मुलीसाठी रडेल.

"पोरगी तं जातेच," ते म्हणाले. "पन आता भांडाचं कोनासंग गा, बाबू?"

मी म्हणालो, "माझ्यासोबत भांडा, मामा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खांद्यावर हात ठेवला, आणि फार मायेने म्हणाले, "तू लवकर चिडतं."

मग आम्ही दोघं अजिबात न भांडता बाजारापर्यंत चालत गेलो.